ईगल्स लाइव्ह, १९८०: मामाची तबकडी आणि तिसरी बाजू

निवांत_सुई

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिला धागा काढतोय.

माझा मामा मर्चंट नेव्हीत होता. निवृत्त होऊन दापोलीला राहतो. गेल्या महिन्यात त्याने एसटीच्या पार्सलने एक खोका पाठवला. वर चिठ्ठी होती, "माझं मशीन बंद पडलं. तुझ्याकडे चालतंय तर तू ऐक." आत जुन्या लुंगीत गुंडाळलेल्या अकरा एलपी. सगळ्यात वर ‘ईगल्स लाइव्ह’, ईगल्स या अमेरिकन रॉक बँडच्या कार्यक्रमांची रेकॉर्ड, दोन तबकड्यांचा संच. कव्हरवर बँडवाले सामान वाहून नेतात तशा काळ्या पेटीचं चित्र. मामाने ही १९८१ साली ह्यूस्टनच्या बंदरात बोट लागली असताना घेतली होती. आतल्या कागदी पिशवीवर त्याच्या हातचं निळ्या शाईत लिहिलंय, "बाजू ३ आधी लावणे."

मी अर्थातच बाजू १ आधी लावली. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ने सुरुवात. लोकांचा गलका, मग ती गिटार. हे गाणं मी हजार वेळा ऐकलंय, रिक्षात, लग्नात, लिफ्टमध्येसुद्धा. पण सुई टेकल्यावर आधी दोन सेकंद नुसती खरखर येते आणि त्या खरखरीतून हजारो माणसं उगवतात, ते पहिल्यांदाच अनुभवलं. मग मामाचं ऐकून तिसरी बाजू लावली. पहिलंच गाणं ‘सेव्हन ब्रिजेस रोड’. वाद्य काहीच नाही, पाच माणसं एकदम श्वास घेतात आणि एकदम गातात. अंगावर काटा आला हो. तेच गाणं मी लागोपाठ चार वेळा लावलं.

आता मुद्दा. एवढं आवडल्यावर या रेकॉर्डविषयी वाचायला घेतलं आणि मन खट्टू झालं. नोव्हेंबर १९८०मध्ये ही बाजारात आली तेव्हा बँड मोडलेला होता. ३१ जुलै १९८० रोजी लाँग बीचला सिनेटर अॅलन क्रॅन्स्टन यांच्या मदतीसाठी कार्यक्रम होता. सिनेटर आभार मानायला आले तेव्हा बँडचा गिटारवादक डॉन फेल्डर काहीतरी तिरकस बोलला, ते बँडमधल्याच ग्लेन फ्रायला झोंबलं. पुढे मंचावर गाण्यागाण्यांच्या मधे दोघं एकमेकांना "अजून तीन गाणी उरलीत, मग बघतो तुला" असं सुनावत होते. कार्यक्रम संपल्यावर फेल्डरने एक गिटार आपटून फोडली. त्याच रात्रीचं ध्वनिमुद्रणही या तबकड्यांमध्ये आहे.

आणि पुढचं तर त्याहून वाईट. रेकॉर्ड कंपनीचा करार पुरा करायला लाइव्ह अल्बम देणं भाग होतं, पण ही माणसं एका स्टुडिओत बसायला तयार नव्हती. मग काही जण अमेरिकेच्या एका किनाऱ्यावर, काही दुसऱ्या, आणि टेपा कुरियरने इकडून तिकडे. निर्माता बिल सिमझिकने पुढे सांगितलं की तिघांच्या सुरांची दुरुस्ती फेडरल एक्सप्रेसच्या कृपेने झाली. कव्हरवरच्या आभारांच्या यादीत पाच वकिलांची नावं आहेत. मामाच्या प्रतीवर मी भिंग घेऊन मोजली. आहेत पाच.

मला विचारायचंय ते हे. ज्या एकत्र गाण्याने माझ्या अंगावर काटा आला ते एकत्र नव्हतंच का? मग याला लाइव्ह म्हणायचं कशाला? जाणकारांनी लिहावं. ज्यांनी ही रेकॉर्ड पूर्वी ऐकली असेल त्यांनी तर नक्कीच.

जुना_ट्रान्झिस्टर

धाग्याबद्दल धन्यवाद. चर्चेआधी एक काम करा. दापोलीहून आलेल्या रेकॉर्डवर बुरशी असणारच. पंख्याखाली तिरक्या उजेडात धरून बघा, खोबणींवर पांढरट ढग दिसतील. तशीच लावलीत तर सुई ती घाण खोबणीत दाबत जाईल. डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे गाडीच्या बॅटरीत घालतात ते, अर्धा लिटर घ्या. त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. मऊ मायक्रोफायबर कापड ओलं करून खोबणींच्या दिशेने गोल फिरवा, आडवं कधीही नाही. मधल्या लेबलला पाणी लागू देऊ नका. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा, आणि उभी ठेवून वाळवा. काही जण यात आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात. एलपीला थोडं चालतं, पण खोक्यात चुकून ७८ आरपीएमची लाखेची तबकडी असेल तर तिच्याजवळ अल्कोहोल नेऊ नका, लाख विरघळते.

आतली कागदी पिशवी बदला, पण मामांच्या अक्षराची ती पिशवी टाकू नका. कव्हरमध्येच वेगळी ठेवा.

कोथरूडकर

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नये. याला लाइव्ह म्हणणं चूक आहे.

मी सवाईला पंचवीस वर्षं जातोय. थंडीत मांडी घालून बसलेला माणूस गवयाबरोबर एक गोष्ट अनुभवतो. आत्ता जे होतंय ते पुन्हा होणार नाही. एखादी तान सुटली तर सुटली, षड्जाला आवाज किंचित घसरला तर घसरला, पुढच्या आवर्तनात गवई ते कसं भरून काढतो त्यातच मैफल असते. आपल्याकडच्या मैफलींच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये कोणी खोकलेलं ऐकू येतं, तबलजी मधेच हातोडीने तबला ठोकून घेतो, पुढे बसलेल्या कोणाची "क्या बात है" येते. ते कुणी पुसत नाही. तोच तर त्या रात्रीचा शिक्का.

इथे काय झालं? चुकलं ते पुसलं, त्यावर नवं गायलं, तेही दोन वेगवेगळ्या गावांत बसून. मग टाळ्या त्या कशाला? स्टुडिओचीच रेकॉर्ड घ्यावी. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ अल्बम डिसेंबर १९७६ला आलाच होता. तो प्रामाणिक आहे, तो स्वतःला मैफल म्हणवत नाही.

रेवा

वाचतेय. विषय छान आहे. कोथरूडकरांशी अर्धी सहमत, सविस्तर उद्या लिहिते.

मिक्सिंगवाला

कोथरूडकर, तुमची भावना समजली. पण माझा हाच धंदा आहे. ऑर्केस्ट्रा, नाटकं, कॉलेजचे कार्यक्रम, वीस वर्षं मिक्सरमागे उभा आहे. थोडं आतलं सांगतो म्हणजे "पुसलं आणि गायलं" हे वाटतं तितकं सोपं नाही ते कळेल.

मंचावर प्रत्येक माइक सगळं ऐकतो. बँडच्या डॉन हेन्लीचं बघा, तो ड्रम वाजवता वाजवता गातो. त्याच्या तोंडासमोरच्या माइकमध्ये त्याचा आवाज असतो आणि त्याच्याइतक्याच जोरात झांजा असतात. गिटारवाल्याच्या माइकमध्ये शेजारच्याचा अॅम्प असतो. प्रेक्षकांवर रोखलेले माइक तर सगळ्या हॉलचा गोळा उचलतात. आता समजा एका माणसाची ओळ बेसूर गेली. ती टेपच्या त्याच्या ट्रॅकवरून काढून नवी टाकली तरी जुनी ओळ बाकीच्या माइकमध्ये शिल्लक राहतेच, बारीक, लांबून आल्यासारखी. आम्ही त्याला भूत म्हणतो. नवी ओळ जुन्या ओळीपासून जरा जरी सरकली तर ते भूत ऐकू यायला लागतं. त्यामुळे नव्या गायकाला त्या रात्री जसं गायलं होतं तसंच, तोच श्वास, तीच ओढ धरून गावं लागतं. म्हणजे त्या रात्रीच्या स्वतःबरोबर जुगलबंदी.

तेव्हा संगणक नव्हता, सूर सरळ करणारी सॉफ्टवेअरं नव्हती. टेपची भलीमोठी रिळं, आणि प्रत्येक बदल हाताने. सिमझिकसारख्या माणसाने त्या परिस्थितीत हे काम पुरं केलं, त्याला मी नमस्कार करतो. दोन भावांनी वाटण्या करून घेतल्यावरही बापाचं श्राद्ध नीट पार पाडणाऱ्या गुरुजींसारखं काम आहे ते.

आणि एक. त्या काळातल्या कितीतरी नावाजलेल्या लाइव्ह अल्बममध्ये दुरुस्त्या झाल्यात. इथे फक्त दुरुस्ती का आणि कशी झाली ते बाहेर आलं.

मडगावचो

तिसरी बाजू! मामांना माझा नमस्कार सांगा, माणूस दर्दी आहे.

आम्ही चार मित्र आणि माझी बहीण, पाच जण, बावीस वर्षांपूर्वी हे गाणं बसवलं होतं, मडगावात एका लग्नासाठी. आमच्याकडे चर्चच्या कॉयरमुळे चार सुरांत गाणं लहानपणापासून कानावर असतं. सोप्रानो, आल्तो, तेनोर, बास. आम्हाला वाटलं, हे काय, दोन दिवसांत होईल. सहा आठवडे लागले. कारण कॉयरमध्ये ऑर्गन असतो, सूर धरून ठेवतो. इथे काही नाही. पाच जणांनी एकमेकांचं तोंड बघून सुरू करायचं. शब्दातलं व्यंजन एकाने आधी सोडलं तरी पिठात खडा लागल्यासारखं वाटतं. मधे गिटारी येतात तेव्हा तुम्ही किती घसरलात ते सगळ्या गावाला कळतं. आम्ही लग्नात अर्धा सूर खाली उतरलो होतो. गिटार आल्यावर नवरीच्या काकाने कपाळाला हात लावला.

हे गाणं त्यांचं नाही हे माहीत असेलच. स्टीव्ह यंग नावाच्या गायकाने ते अलाबामातल्या माँटगोमेरीजवळच्या एका रस्त्याविषयी लिहिलं. ईगल्सनी घेतलेली बांधणी इयन मॅथ्यूजच्या १९७३च्या रेकॉर्डवरून आलेली. सुरुवातीच्या काळात मंचावर जाण्यापूर्वी हे लोक आत, फरशा लावलेल्या न्हाणीघरात जाऊन हे गाणं म्हणत, गळा तापवायला. तिथे आवाज घुमतो म्हणून. कार्यक्रमाच्या आधी रोज एकदा एकमेकांच्या तोंडाकडे बघून. माझ्यासाठी इथे उत्तर मिळतं. इतकी वर्षं रोज एकत्र श्वास घेतलेली माणसं भांडली, तरी घशाला ती सवय राहते. आमच्या पाचांतले दोघं आज एकमेकांशी बोलत नाहीत, जमिनीवरून. पण दोघांना कुठेही भेटवा आणि पहिला शब्द सुरू करा, सूर तोच लागेल.

निवांत_सुई

सर्वांचे आभार. मडगावचो, देव बरें करूं.

जुना_ट्रान्झिस्टर म्हणाले तसं रेकॉर्ड धुतली. पाण्याचा रंग चहासारखा झाला. आता पहिली बाजू इतकी स्वच्छ वाजते की फेल्डर आणि जो वॉल्श शेवटी दोन गिटारी जोडीने वाजवतात तिथे कोणती डावीकडे आणि कोणती उजवीकडे ते बोट दाखवून सांगता येतं.

पण तिसऱ्या बाजूला एक ओरखडा आहे, बाहेरच्या कडेपासून आत साधारण बोटाच्या पेराएवढा. ‘सेव्हन ब्रिजेस रोड’ चालू असताना टक्, टक्, टक् असा नियमाने आवाज येतो. घड्याळ लावून मोजलं. दर १.८ सेकंदांनी. मग लक्षात आलं, तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे मारते, ६० भागिले ३३⅓, बरोबर १.८. म्हणजे ओरखडा फेऱ्यागणिक एकदा सुईखाली येतो. हा घालवता येईल का?

मामाला फोन केला तेव्हा म्हणाला, "तो ओरखडा बोटीवरचा आहे. बिस्केच्या उपसागरात समुद्र खवळला होता, मशीन टेबलावरून सरकलं." आणि हसायला लागला.

जुना_ट्रान्झिस्टर

खोबणीची भिंतच फुटलेली असेल तर काही करता येत नाही. कडेला प्लास्टिकचा बारीक कण उचललेला असेल तर टूथपिकच्या टोकाने, भिंगाखाली, हलक्या हाताने दाबून बघा. पण मी म्हणेन हात लावू नका. बिस्केचा उपसागर ज्याच्या तबकडीवर नोंदला गेलाय असा माणूस मला दुसरा माहीत नाही.

ठाणेकर७२

निवांत_सुई, त्याच बाजूच्या शेवटी ‘डेस्पराडो’ आहे, तिथे आवाज किंचित फाटतो का? हेन्लीचे स आणि श चरचरतात का? असेल तर दोष तुमच्या कानाचा नाही आणि रेकॉर्डचाही पूर्ण नाही.

तबकडी सतत एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात सुई जितकं अंतर कापते तितकं आत कापत नाही. बाहेर सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खोबण सुईखालून जाते, अगदी आत २१च्या आसपास. तेवढ्याच वेळाचं गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. त्यामुळे उंच सुरांचे बारीक वळसे इतके जवळ येतात की गोल टोकाची सुई ते धड पकडू शकत नाही. जुन्या लोकांना हे माहीत असायचं, म्हणून बाजूच्या शेवटी शक्यतो शांत गाणं टाकत. ‘डेस्पराडो’ शांत आहे, त्यामुळे एका अर्थी जागा बरोबर. पण त्याच शांततेत चरचर उघडी पडते.

उपाय असा. कार्ट्रिजसोबत (सुई बसवलेला छोटा भाग) येणारा किंवा छापून घेतलेला प्रोट्रॅक्टर, म्हणजे कोनमापक, वापरून सुईचा कोन तपासा. सुईचा भार कार्ट्रिजवर लिहिलेल्या मर्यादेत, बहुधा दीड ते दोन ग्रॅम, छोट्या काट्यावर मोजून ठेवा. अंदाजाने नाही. आणि पुढच्या वेळी सुई बदलाल तेव्हा गोल टोकाऐवजी लंबगोल टोकाची घ्या.

रेवा

आले परत.

आमच्या घरी या बँडचा विषय १९९४च्या ‘हेल फ्रीझेस ओव्हर’पासून सुरू होतो. बाबा आकाशवाणीत अभियंता होते, कानाचे पक्के. बँड पुन्हा कधी एकत्र वाजवणार असं विचारलं की हेन्ली म्हणायचा, नरक गोठेल तेव्हा. चौदा वर्षांनी एकत्र आले आणि तेच नाव अल्बमला दिलं. त्या वर्षी आपल्याकडे स्टारवर एमटीव्ही जाऊन चॅनल व्ही आलं होतं, त्यामुळे एमटीव्हीसाठी केलेला तो कार्यक्रम आम्ही पाहिला नव्हता. बाबांनी काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून सीडी आणली. त्यातलं नव्या बांधणीचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ सगळ्यांना माहितीये. सुरुवातीला नायलॉनच्या तारांवर फेल्डर, मग तो खोल ठोका. पुढे कुठल्याही हायफायच्या दुकानात गेलं की विक्रेता तोच ट्रॅक लावायचा. बाबा ठोक्याकडे लक्षच द्यायचे नाहीत. ते डोळे मिटून टाळ्या ऐकायचे. म्हणायचे, "टाळ्या प्रत्येक माणसाच्या वेगळ्या ऐकू आल्या तर स्पीकर चांगला. पाऊस पडल्यासारख्या आल्या तर पुढच्या दुकानात चल." आजही स्पीकर घेताना मी हेच करते.

२०१९ साली तो अल्बम दोन तबकड्यांत पुन्हा निघाला, तो मी घेतला. सुंदर आहे, शांत आहे, प्रत्येक वाद्य आपापल्या जागी. पण खरं सांगू का, माझ्या कानाला त्यात सगळे एकमेकांशी फार जपून वागताना ऐकू येतात. पाहुण्यांसमोर बसल्यासारखे. कोथरूडकरांच्या व्याख्येने तो जास्त खरा असेल, कारण ते पाचही जण खरंच एका मंचावर होते, राजीखुशीने. पण १९८०च्या रेकॉर्डमध्ये जी धार आहे ती तिथे नाही. ‘लाइफ इन द फास्ट लेन’ दोन्हींत आहे. एकापाठोपाठ एक लावून बघा. ऐंशीच्या रेकॉर्डमध्ये वॉल्शची गिटार चावते.

म्हणून अर्धी सहमत. दुरुस्ती झाली हे खरं, पण तो राग दुरुस्त झाला नाही. तो वाद्यांत राहिला.

पासाडेनाकर

इथे लॉस एंजेलिसच्या बाजूला राहतो, मूळचा सांगलीचा. या धाग्यावर लिहायलाच हवं असं वाटलं.

सप्टेंबर २०१८मध्ये इंगलवूडच्या फोरममध्ये त्यांचे कार्यक्रम झाले, त्यातला एक मी आणि बायको बघायला गेलो होतो. ‘ईगल्स लाइव्ह’मधली १९७६ची गाणी त्याच फोरममध्ये मुद्रित झालीत. ग्लेन फ्राय जानेवारी २०१६मध्ये गेला. त्याच्या जागी त्याचा मुलगा डीकन आणि गायक विन्स गिल. दिवे मंद झाले, कुठलंही वाद्य नाही, पाच माणसं पुढे येऊन उभी राहिली आणि पहिलं गाणं काय तर ‘सेव्हन ब्रिजेस रोड’. आमच्या पुढच्या रांगेत साठीचे एक गृहस्थ होते, एकटेच आलेले. पहिल्या ओळीला त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि गाणं संपेपर्यंत तशीच धरून बसले.

बापाच्या जागी मुलगा उभा राहून तोच सूर लावतो, हे आपल्याला काही नवीन नाही. आपल्याकडे घराणी अशीच चालली. पण तिथे, त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, ते बघताना घसा दाटून आला.

ते कार्यक्रम ऑक्टोबर २०२०मध्ये ‘लाइव्ह फ्रॉम द फोरम’ नावाने आले, विनाइलवर चार तबकड्या. माझ्याकडे आहेत. महाग आहे, आठ बाजू उलटाव्या लागतात, पण पहिल्या बाजूचं पहिलं गाणं आणि तुमच्या मामांच्या तिसऱ्या बाजूचं पहिलं गाणं एकच आहे. मधे अडतीस वर्षं.

आता बँडचा आधीचा बेसवादक आणि गायक रँडी माइझनरविषयी कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिसऱ्याच बाजूवर ‘टेक इट टू द लिमिट’ आहे, ते १९७६चं, माइझनरच्या आवाजातलं. शेवटचा तो उंच सूर रोज रात्री लावायचा ताण त्याला असह्य झाला होता. पुढच्याच वर्षी, १९७७मध्ये, नॉक्सव्हिलला ते गाणं गाण्यावरून फ्रायशी त्याची मारामारीपर्यंत वेळ गेली आणि तो बँड सोडून गेला. १९८०मध्ये बँडमध्ये त्याच्या जागी टिमथी श्मिट होता. तरी अल्बम जुळवताना त्यांनी चार वर्षं जुनी टेप काढून माइझनरचं गाणं घातलं. सगळ्यांशी सगळ्यांचं बिनसलेलं असताना, सोडून गेलेल्या माणसाचा सर्वांत चांगला क्षण तबकडीवर राहील एवढी काळजी कोणीतरी घेतली. माइझनर २०२३मध्ये गेला. त्या बाजूवर श्मिट आहे आणि त्याच्या आधी त्याच जागी असलेल्या माइझनरचं गाणंही आहे, एकच गाणं सोडून.

कोथरूडकर

पासाडेनाकर, हे मला माहीत नव्हतं. आज दुपारी ‘टेक इट टू द लिमिट’ मुद्दाम ऐकलं. आधी फोनवर ऐकलं, मग समाधान होईना म्हणून सोसायटीतल्या एका मित्राकडे एलपी आहे तिथे गेलो. शेवटच्या सुराला लोक ओरडायला लागतात. त्याने अजून सूर सोडलेला नसतो, तोवरच ओरडतात. ती दाद आहे. ती कोणी नंतर चिकटवलेली वाटत नाही. इतकं मी मान्य करतो.

मूळ मुद्दा मात्र सोडत नाही. नव्याने गायलेल्या ओळी असतील तर तसं कव्हरवर लिहावं. याच बँडच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या तबकडीवर, लेबलजवळच्या कोऱ्या भागात, बारीक कोरलेलं असतं की ‘व्हिक्टिम ऑफ लव्ह’ पाच जणांनी एकत्र बसून लाइव्ह वाजवलंय. स्टुडिओच्या रेकॉर्डवर ते अभिमानाने कोरतात, मग मैफलीच्या रेकॉर्डवर जे नंतर केलं तेही सांगायला हवं होतं. ऐकणाऱ्याचा तो हक्क आहे.

मिक्सिंगवाला

कोथरूडकर, या मुद्द्यावर शंभर टक्के सहमत. सांगून करावं. मी माझ्या कामात नेहमी सांगतो, कलाकाराला राग आला तरी.

मडगावचो

आमच्यातल्या त्या दोघांना हा धागा पाठवलाय. एकाने वाचला, उत्तर दिलेलं नाही. दुसऱ्याने विचारलं, कुठल्या सुरात गायलो होतो आपण?

निवांत_सुई

माफ करा, आठवडाभर इथे नव्हतो. दापोलीला गेलो होतो.

सुईचा कोन आणि भार ठाणेकर७२ यांनी सांगितल्याप्रमाणे नीट केला होता. भार अडीच ग्रॅमच्या वर निघाला, ‘डेस्पराडो’ आता बरंच स्वच्छ आहे. मग विचार केला, एवढं जुळवलंय तर मामालाच ऐकवू. टर्नटेबल, अॅम्प आणि दोन छोटे स्पीकर दुलईत गुंडाळून गाडीत घातले. आंबेत घाटात प्रत्येक खड्ड्याला जीव वर यायचा.

मामा आता शहात्तरचा आहे. उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, इंजिनरूममध्ये तीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार. पडवीत स्टुलावर मशीन मांडलं, समोर त्याची आरामखुर्ची. मामीने विचारलं, "त्याला धड ऐकू येणार का?" मी दोन्ही स्पीकर त्याच्या डाव्या हाताला लावले. फेल्डर इकडे आणि वॉल्श तिकडे, ही मजा त्यात गेली, पण मामाला त्याचं काही नव्हतं.

बाजू ३ लावली. पहिला शब्द आला तेव्हा मामाने हात वर केला, थांब अशी खूण केल्यासारखा, आणि तसाच धरला. टक् आला. मामाचं बोट किंचित हललं. पुन्हा टक्, पुन्हा बोट. मग माझ्या लक्षात आलं, त्याला तो आवाज इतका पाठ आहे की टक् यायच्या आधीच बोट हलतंय. गिटारी येईपर्यंत तो त्या ठोक्यावर ताल धरून गात होता. खालचा सूर. त्याने कधी गाणं शिकलेलं नाही, इंग्रजी शब्दही त्याच्याच पद्धतीने. वरचे चार सूर स्पीकरमधून आणि पाचवा आरामखुर्चीतून.

गाणं संपल्यावर मी त्याला तुमची सगळी चर्चा सांगितली. कुरियर, दोन किनारे, वकील, सगळं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आम्ही बोटीवर चौदा जण ऐकायचो हे. त्यातल्या निम्म्यांचं आपसात जमत नव्हतं. मेसमध्ये एका टेबलावर बसायचे नाहीत. हे लावलं की यायचे सगळे." आणि मला म्हणाला, "उलटव. चौथी बाजू राहिली."

कोथरूडकर, तुमचा निरोपही सांगितला, की कव्हरवर लिहायला हवं होतं. मामाने पिशवी मागून घेतली, पेन मागितलं, आणि ‘बाजू ३ आधी लावणे’च्या खाली लिहिलं, ‘काही ओळी नंतर गायलेल्या आहेत.’ तारीख घातली. सही केली.

मशीन दापोलीलाच ठेवून आलोय. ठाणेकर७२, लंबगोल सुईचं नाव आणि कार्ट्रिज कुठलं घ्यावं ते व्यक्तिगत निरोपात पाठवाल का? पाडव्याला पुन्हा जाणार आहे.